सेवाभावी क्लबांचा पहिला दिवस नेमका कोणता? जुन्या दप्तरांविषयी थोडं

जुनेदप्तर

रोटरी, लायन्स, किवानिस अशा क्लबांच्या स्मरणिका ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना पहिलं पान पाठ असेल. समाजसेवेच्या ध्येयाने झपाटलेले काही मित्र एकत्र आले, अमुक साली इवलंसं रोपटं लावलं, आज त्याचा वटवृक्ष झाला. वटवृक्षाविना निघालेली स्मरणिका माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग त्याच क्लबची सुरुवातीची इतिवृत्तवही हाती येते. पहिल्या वर्षभरात सेवेचा पत्ता नसतो. चर्चा कशाची, तर जेवणाचा दर कोणी वाढवला, वर्गणी कोणाची थकली, आणि क्लबातच छापखानेवाला असताना पत्रिका बाहेर का छापून घेतल्या.

यात लाजण्यासारखं काही नाही. मूळ क्लबांचंही हेच होतं. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ नंबरच्या खोलीत चौघे बसले : वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्ताव्हस लोअर आणि शिंपीकामाचा धंदा करणारे हायरम शोरी. ओळखी वाढाव्यात, एकमेकांना धंदा मिळावा, एवढाच हेतू होता. सभासदांनी आपापसांत किती धंदा केला याची नोंद ठेवायला त्या क्लबात 'स्टॅटिस्टिशियन' नावाचा पदाधिकारी होता. १९०६ च्या घटनेत आधी दोनच उद्दिष्टं होती, सभासदांचे धंद्यातले हितसंबंध आणि स्नेहभाव. डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला सभासद व्हायचं आमंत्रण गेलं, तेव्हा 'शहरासाठी काहीच न करणारा क्लब मला नको' अशी त्याची भूमिका होती. त्यानंतर शहराच्या हिताचं तिसरं उद्दिष्ट जोडलं गेलं. १९०७ मध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहासाठीची खटपट सुरू झाली. रोटरीचा पहिला सेवाप्रकल्प म्हणून आज तिचंच नाव घेतात.

लायन्सचंही तसंच. मेल्विन जोन्स विमा व्यवसायातले, शिकागोच्या 'बिझनेस सर्कल'चे सचिव. त्यांच्या पुढाकाराने ७ जून १९१७ ला वेगवेगळ्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि ऑक्टोबरात डॅलसला पहिलं अधिवेशन झालं. सभासदांचा आर्थिक फायदा हे कोणत्याही क्लबाचं उद्दिष्ट असू नये, असं तिथे लिहून ठेवावं लागलं. मनाई कशाची करावी लागते? जे चालू असतं त्याची.

माझं म्हणणं एवढंच, की स्थानिक क्लबाच्या उगमाशी सेवा शोधत बसू नका. सुरुवातीला ती बहुतेकदा नसते. ती क्लबात केव्हा शिरली, कोणाच्या आग्रहाने शिरली, कोणी नाकं मुरडली, हे शोधा. आणि ते शोधायचं तर, आपण इतिहास घडवतोय याची ज्यांना गंधवार्ता नव्हती त्यांनी त्या त्या दिवशी खरडलेले कागद आधी वाचा. पन्नास वर्षांनी भरल्या पोटी केलेली भाषणं नंतर.

तारखांचा घोळ तर विचारू नका. एका क्लबाला निदान चार जन्मतारखा असतात. पहिल्यांदा लोक जमले तो दिवस. क्लब काढायचं ठरून पदाधिकारी निवडले तो दिवस. मध्यवर्ती संस्थेने प्रवेश दिला ती सनदेवरची तारीख. आणि थाटामाटात सनद हाती दिली ती रात्र. कलकत्त्याचा रोटरी क्लब १९१९ च्या सप्टेंबरात जमला, सनदेवर तारीख १ जानेवारी १९२०. विनिपेगचा क्लब अमेरिकेबाहेरचा पहिला, १९१० च्या नोव्हेंबरात निघाला, सनद १९१२ ची. दोन क्लबांत थोरला कोण यावरून वाद झाला की बहुधा दोघे आपापल्या सोयीची तारीख पुढे करत असतात.

कोणी असं काम केलं असेल तर जरूर लिहा.

पाऊलवाट

मस्त विषय. वाचनखूण साठवली आहे.

खडूफळा

अगदी वेळेवर धागा आला. आमच्या क्लबचा वर्धापनदिन जवळ आलाय आणि मी शिक्षिका आहे म्हणून इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हाताशी एक जुनी स्मरणिका, काही फोटो आणि एक इतिवृत्तवही. वहीतली पहिली नोंद स्मरणिकेतल्या स्थापनेच्या तारखेच्या चार महिने आधीची आहे! अध्यक्ष म्हणतात, वहीत तारीख टाकताना चुकले असतील. आता काय करू?

कार्बनकॉपी

@खडूफळा, वही चुकली असं म्हणायच्या आधी तिची नीट तपासणी करा. मी अभिलेखागारात नोकरी केली आहे, त्यामुळे सवयीने सांगते.

पहिल्या नोंदीची पहिली ओळ काय आहे? 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' अशी असेल तर त्याआधी एक तरी सभा झाली होती, आणि तिचा कागद या वहीत नाही. म्हणजे तुमचा क्लब वहीपेक्षाही जुना.

मग पानं पाहा. आकडे छापील आहेत की हाताने घातलेत? शिवणीपाशी फाडलेल्या पानांचे कंगोरे राहिलेत का? हस्ताक्षर आणि शाई सभेगणिक बदलते का? वर्षभराच्या सभा एकाच हाताने, एकाच शाईने, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर ती पक्की नक्कल आहे, कोणीतरी मागाहून बसून उतरवलेली. अशा नकलेत भांडणं गाळलेली असतात. खरी वही ओळखायची खूण म्हणजे खाडाखोड, समासातल्या टिपा, आणि पुढच्या सभेच्या तारखेसह अध्यक्षांची वेगळ्या शाईतली सही.

वहीत सुट्टे कागद खुपसलेले असतील तर कृपा करून 'नीट लावू' नका. आहेत तसे, आहेत त्या क्रमाने फोटो काढा. टाचणीच्या गंजाचा डाग नीट बघा. दोन कागदांवर एकाच जागी, एकाच आकाराचा डाग असेल तर ते कधीकाळी एकत्र टाचलेले होते. एका क्लबाच्या दप्तरात बिनतारखेची एक सभासद यादी होती. तिचा डाग सनदेच्या अर्जाबरोबरच्या पत्रावरच्या डागाशी तंतोतंत जुळला, आणि पत्रावर तारीख होती. स्मरणिकेतल्या 'संस्थापक सभासदां'पैकी काही नावं त्या यादीत नव्हती. ती मंडळी नंतर आली आणि पुढे मोठी झाली, म्हणून मागे जाऊन बसली.

गंजक्या टाचण्या काढायच्या तर सावकाश, खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून. चिकटपट्टी कुठेही लावायची नाही. कुठेही म्हणजे कुठेही.

तिरकीरेघ

एक बाळबोध प्रश्न. जेवणावळी घालणाऱ्या मंडळींच्या क्लबाचा जन्म चार महिने अलीकडचा की पलीकडचा, याने कोणाचं काय बिघडतं?

जुनेदप्तर

@तिरकीरेघ, तारखेने काही बिघडत नाही, मान्य. तारीख हे निमित्त. ती शोधताना हाती काय लागतं ते महत्त्वाचं.

रोटरीत वर्गवारीचा नियम होता : प्रत्येक धंद्यातला किंवा पेशातला साधारण एकच सभासद. त्यामुळे जुन्या यादीत नावापुढे धंदा लिहिलेला असतो. गावातला धान्याचा अडत्या, दंतवैद्य, बर्फाचा कारखानदार, विमा एजंट. त्या वर्षी त्या गावात कोणाला 'आपला' मानत होते आणि कोण दाराबाहेर होतं, हे ती यादी कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा स्पष्ट सांगते. सलग काही वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा. टांग्याचा धंदा जातो, मोटारींचा एजंट येतो.

आणि क्लब काढणारे सगळे निरपेक्ष होते असंही नाही. किवानिसचं उदाहरण घ्या. ॲलन ब्राउन हा पेशानेच संघटक. १९१५ मध्ये डेट्रॉइटला त्याने पहिला क्लब उभा केला, मिशिगन राज्याची नोंदणी २१ जानेवारीची. नवे सभासद आणि नवे क्लब जमवणं हा त्याचा धंदाच होता. शेवटी १९१९ च्या बर्मिंगहॅम अधिवेशनात सभासदांनी १७,५०० डॉलर उभे करून त्याच्याकडून संघटनेचे हक्क विकत घेतले. स्वतःचीच संघटना विकत घ्यायची! ब्रिटन-आयर्लंडमध्ये रोटरी नेणारा स्टुअर्ट मॉरो हाही मोबदला घेऊन क्लब उभे करत होता. १९११ चा डब्लिनचा क्लब त्याचाच. म्हणून जुन्या क्लबांच्या हिशोबवहीत पहिल्या महिन्यांतला 'संघटकास दिले' असा खर्च शोधावा. सापडला तर उगमाची गोष्टच बदलते.

कार्बनकॉपी

हिशोबाच्या वह्यांना +१. लोक इतिवृत्त जपतात आणि कीर्द-खतावणी रद्दीत देतात. इतिवृत्तात सचिव जे लिहीत नाही ते खजिनदार लिहितो. पावतीपुस्तकाची एक नंबरची स्थळप्रत (पावती फाडून दिल्यावर पुस्तकात उरते ती) मिळाली तर सोन्याहून पिवळं : पहिला पैसा कोणी, कोणत्या तारखेला दिला ते कळतं. बँकेत खातं उघडताना ठरावाची प्रत द्यावी लागे, तिच्यावर ठरावाची तारीख असते. आवक-जावक वहीत मध्यवर्ती कार्यालयाला गेलेलं पहिलं पत्रही नोंदलेलं असतं, मूळ पत्र हरवलं असलं तरी.

पोटमाळा

घरबसल्या करता येण्यासारखं लिहितो.

रोटरीचं मासिक जानेवारी १९११ मध्ये 'नॅशनल रोटेरियन' नावाने सुरू झालं, पुढे 'द रोटेरियन'. जुने अंक गूगल बुक्सवर फुकट वाचता येतात. नव्या क्लबांच्या बातम्या आणि क्लबांनी धाडलेली वार्तापत्रं त्यात येत. संपादक चेस्ली पेरी, जे १९१० ते १९४२ रोटरीचे सचिवही होते. कागदपत्रांच्या बाबतीत या एका माणसाच्या शिस्तीचे आपण सगळे ऋणी आहोत. अधिवेशनांची छापील कार्यवाहीही चाळा. १९१० च्या पहिल्या अधिवेशनाला १६ क्लब होते, त्यामुळे तिथून पुढची वाढ वर्षावर्षाने लावता येते.

वर्तमानपत्रांसाठी ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह', न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट', अमेरिकेचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका', सिंगापूरचं 'न्यूजपेपर एसजी'. सगळी मोफत. मेलबर्न आणि वेलिंग्टन हे त्या त्या देशातले पहिले रोटरी क्लब, दोन्ही १९२१ चे. कॅनडाहून आलेल्या डेव्हिडसन आणि रॉल्स्टन या दोन प्रतिनिधींनी ते उभे केले. दौऱ्याच्या बातम्या दोन्ही देशांच्या पत्रांतून शोधून क्लबाच्या स्वतःच्या कथेशी ताडून बघता येतात.

शोधताना नुसतं 'रोटरी' टाकलंत तर छपाईयंत्रं आणि शिवणयंत्रांच्या जाहिरातींचा पाऊस पडेल. 'लायन्स' टाकलंत तर सर्कस. त्याऐवजी हॉटेलाचं नाव, 'लंचन' आणि एखाद्या सभासदाचं आडनाव असं एकत्र टाका. आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा, कारण यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरं हमखास फुटतात. आणि क्लबाचं नाव ठरायच्या आधीची बातमी हवी असेल तर क्लबाच्या नावाने ती मिळणारच कशी? 'व्यापाऱ्यांची बैठक', 'पाहुण्यांचे व्याख्यान' अशा मथळ्यांखाली ती दडलेली असते.

अवांतर : हाच जेम्स डेव्हिडसन पुढे १९२८ ते १९३१ अथेन्स, कैरो, मुंबई, मद्रास, कोलंबो, सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग असा फिरला. वाटेत क्लब काढत गेला. त्या पट्ट्यातल्या जुन्या क्लबांचा शोध स्थानिक दप्तरापेक्षा त्याच्या प्रवासाच्या टप्प्यांवरून अधिक लवकर लागतो. रोटरीचं मुख्यालय इव्हान्स्टनला आहे, लायन्सचं ओक ब्रूकला, दोन्ही इलिनॉय राज्यात. किवानिसचं इंडियानापोलिसला. पत्र लिहिताना 'आमचा इतिहास पाठवा' असं मोघम लिहू नका. क्लबाचं तेव्हाचं नाव, अंदाजे वर्ष आणि कोणता कागद हवा, ते लिहा.

अनघड

सगळे पुरुषांच्याच वह्या वाचताय!

या क्लबांच्या कामात बायका अगदी पहिल्यापासून आहेत, पण सभासद यादीत शोधाल तर सापडायच्या नाहीत. सापडल्याच तर नवऱ्याच्या नावाने, 'सौ. अमुक'. स्वागत, वर्गणी गोळा करणं, दवाखान्यातली पाळी, सगळं त्यांच्याकडे, आणि इतिवृत्तात शेवटी 'महिलांचे आभार मानण्यात आले' एवढी एक ओळ. खाली नावं नाहीत.

मिनियापोलिसला १९११ च्या सुमारास महिलांचा वेगळा रोटरी क्लब होता आणि १९१२ च्या डुलुथ अधिवेशनात आयडा ब्युएल महिलांच्या क्लबांच्या बाजूने बोलल्या होत्या. दार उघडलं नाही. मग स्त्रियांनी आपापल्या संघटना काढल्या : नॅशव्हिलला आल्ट्रुसा १९१७, बफेलोत झोंटा १९१९, ओकलंडला सोरॉप्टिमिस्ट १९२१. मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी जानेवारी १९२४ मध्ये इनर व्हील, म्हणजे रोटरी सभासदांच्या बायकांची संघटना, सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे रोटरी क्लबाने तीन स्त्रियांना सभासद केलं म्हणून त्याची सनद १९७८ मध्ये काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, निकाल ४ मे १९८७ ला क्लबाच्या बाजूने. न्यायालयात दाखल झालेल्या कागदांतून क्लबाच्या आतल्या गोष्टी जेवढ्या कळतात तेवढ्या त्याच्या स्मरणिकेतून कधीच कळणार नाहीत.

तेव्हा @खडूफळा, क्लबाची दप्तरं संपली की इनर व्हीलच्या वह्या मागा. आणि फोटोंच्या पाठी बघा. नावं तिथे पेन्सिलीने लिहिलेली असतात.

तिरकीरेघ

बरं, आता मला रस येऊ लागलाय. मधली वर्षंच गायब असतील तर? आमच्या ओळखीतल्या एका क्लबाच्या दप्तरात आठ-नऊ वर्षांचं भगदाड आहे. वाळवी लागली म्हणतात.

जुनेदप्तर

वाळवी लागतेच, पण कधीकधी वाळवी फार सोयीची असते.

भगदाड कोणत्या वर्षांत आहे ते आधी पाहा. जर्मनीतले रोटरी क्लब १९३७ मध्ये नाझी राजवटीच्या दबावाखाली विसर्जित झाले. जपानचे क्लब १९४० मध्ये रोटरीतून बाहेर पडले आणि १९४९ मध्ये परतले. मधल्या काळात टोकियोची मंडळी भेटत राहिली, पण 'बुधवार क्लब' या नावाने. म्हणजे रोटरीच्या दप्तरात ती वर्षं कोरी, आणि माणसं मात्र दर बुधवारी जेवायला हजर. अशा वेळी क्लबाचं नाव सोडून माणसांची नावं आणि भेटीचा वार धरून शोधावं लागतं.

राजकारण नसेल तर बहुतेकदा भांडण असतं. क्लब फुटतो, एक गट वही घेऊन जातो. ती वही अडगळीत कुठेतरी असते, त्या सचिवाच्या नातवंडांकडे विचारा. किंवा क्लब मधल्या काळात रीतसर बंदच पडलेला असतो आणि नव्या सनदेने परत सुरू झालेला असतो. ही गोष्ट कोणी कबूल करत नाही, कारण मग वय नव्याने मोजावं लागतं. वर्षवार छापील डिरेक्टरीत क्लबाचं नाव कोणत्या साली गळलं ते पाहिलं की उलगडा होतो.

आणखी एक : रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. स्मरणिकेत '१९३५-३६ चे अध्यक्ष' असेल आणि हकिकत एप्रिलची असेल, तर साल १९३६. इथे बरेच जण घसरतात.

अनघड

एक विचारायचं राहिलं. सभासदत्वासाठी नाव सुचवलेल्या आणि नाकारलेल्या लोकांचे कागद सापडले तर छापावेत का? मी पाहिलेल्या एका फायलीत एका माणसाविषयी जातीवरून शेरा आहे. माणूस हयात नाही, घरचे आहेत.

कार्बनकॉपी

माझं मत : शेरा जसाच्या तसा द्यावा, नाकारलेल्या माणसाचं नाव देऊ नये, शेरा मारणाऱ्याचं पद द्यावं. क्लबाने लोकांना कसं निवडलं हा इतिहास आहे, तो गाळला तर पुन्हा वटवृक्षच उरतो. मूळ कागद मात्र कोणाच्या कपाटात न ठेवता अभिलेखागारात द्या, पाहण्याच्या अटी लेखी ठरवून.

पोटमाळा

थोडा असहमत. घरच्यांना आधी विचारावं. त्यांनाच नाव छापून हवं असेल कदाचित. नावाशिवाय तो माणूस दुसऱ्यांदा बाहेर राहतो.

कार्बनकॉपी

हे पटण्यासारखं आहे. विचारावं.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. वही परत काढली. पहिली ओळ 'मागील सभेचे इतिवृत्त' हीच आहे! पानांचे आकडे छापील, शाई बदलत जाते, सह्या वेगळ्या. म्हणजे वही अस्सल. स्मरणिकेतली तारीख सनद-प्रदान समारंभाची निघाली. फोटोमागेच तारखेसकट लिहिलंय. आणि त्याच फोटोमागे पेन्सिलीने सात बायकांची नावंही आहेत. त्यांची स्वतःची.

समितीपुढे ठेवलं. म्हटलं, पहिली ज्ञात सभा, सनद आणि सनद-प्रदान अशा तिन्ही तारखा छापू, प्रत्येकीपुढे कागदाचा उल्लेख देऊ. अध्यक्ष आता एकदम खूश आहेत, कारण शेजारच्या क्लबापेक्षा आम्ही थोरले ठरतोय. पण समितीला तीन तारखा नकोत. एकच हवी, आणि शक्यतो यंदा रविवारी येणारी.

जुनेदप्तर

शेजारच्या क्लबाने कोणती तारीख धरली आहे ते आधी विचारून घ्या. त्यांची सनदेची आणि तुमची पहिल्या सभेची असेल, तर तो थोरलेपणा टिकायचा नाही. दोन्ही सनदा शेजारी ठेवून बघा.

रविवारचं समितीवर सोडा.